महासाथीत मूल पहिल्यांदा शाळेत जातंय: घरानं शाळेला आणि शाळेनं घराला काय सांगायचं

मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड-१९ ला महासाथ म्हटलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत जगभरातल्या दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांची दारं बंद झाली. त्या वर्षी शिकवण्यापेक्षा निरोप पोचवण्यात माझे जास्त तास गेले. कुणाचा फोन लागायचा नाही, कुणाला सूचना मिळायची पण कळायची नाही, कुणी मूल आजारी असल्याचं शाळेला सांगायला घाबरायचं. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: साथीत घर आणि शाळा यांच्यातला निरोप वेळेवर आणि खरा पोचला, तर बाकीच्या बहुतेक गोष्टी सावरता येतात. बुडालेला अभ्यास भरून निघतो. तुटलेला संपर्क जोडायला मात्र फार वेळ लागतो.

हा लेख अशा घरांसाठी आहे, जिथलं मूल पहिल्यांदाच शाळेत जातंय आणि नेमकी साथ सुरू आहे. जुन्या पालकांना शाळेच्या वाटा माहीत असतात. फोन कुणाला करायचा, कार्यालयात कुणाला विचारायचं, वर्गशिक्षिका कधी भेटतात, हे त्यांना विचारावं लागत नाही. नव्या पालकांना यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि साथीमुळे फाटकाशी उभं राहून दुसऱ्या पालकांना विचारण्याची सोयही उरत नाही. खाली जे आकडे दिले आहेत ते बहुतेक कोविडच्या काळातले आहेत. साथ दुसरी असेल तर आकडे बदलतील, आणि तुमच्याकडचा आरोग्य विभाग त्या वेळी जे सांगेल तेच आधी धरायचं. काम करण्याची रीत मात्र फारशी बदलत नाही.

पायरी १: संपर्काचा कागद पहिल्याच आठवड्यात भरा

प्रवेशाच्या वेळी एक अर्ज भरून घेतात. त्यात संपर्क क्रमांकाचा रकाना असतो आणि आपण तो घाईघाईत भरतो. साथीत हाच सगळ्यांत महत्त्वाचा कागद ठरतो. त्यात तीन क्रमांक द्या. पहिले दोन असे, जे शाळेच्या वेळेत नक्की उचलले जातील. तिसरा अशा माणसाचा, जो तुम्ही पोचू शकला नाहीत तर अर्ध्या-पाऊण तासात मुलाला घ्यायला येऊ शकेल. त्या माणसाला हे आधी सांगून ठेवा, आणि मुलालाही त्याची ओळख असू द्या. एकदा वर्गातल्या एका मुलीला भर दुपारी ताप चढला. घरचे दोन्ही क्रमांक बंद होते. ती दोन तास माझ्याजवळ वेगळ्या खोलीत बसून होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, ‘आई निघाली का?’ आईचा काही दोष नव्हता, तिचा क्रमांक बदलला होता आणि तो कुठं कळवायचा हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

कागदावर आणखी काही गोष्टी लिहा, रकाना नसला तरी मागच्या बाजूला लिहा. मुलाला दमा, ॲलर्जी, फिट येणं असं काही आहे का, रोजचं औषध कोणतं. घरात वयस्कर माणूस, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी आहे का. तुम्हाला कोणत्या भाषेतली सूचना नीट वाचता येते. घरात फोन किती, आणि मुलासाठी तो कोणत्या वेळी मोकळा असतो. हा शेवटचा मुद्दा सांगायला अनेकांना संकोच वाटतो. कृपया संकोचू नका. एकच फोन आहे आणि तो रात्री आठनंतरच घरी येतो, हे मला आधी कळलं असतं, तर सकाळी दहाच्या तासाला गैरहजर राहणाऱ्या चार मुलांबद्दल माझा गैरसमज झाला नसता.

पायरी २: खरा निरोप कुठून येतो ते विचारून घ्या

शाळेला एक साधा प्रश्न विचारा: ‘अधिकृत सूचना कुठून येणार?’ कुठं शाळेचं ॲप असतं, कुठं एसएमएस येतो, कुठं वर्गशिक्षिका व्हॉट्सॲपवर पाठवतात, कुठं फाटकावर कागद लावतात. उत्तर काहीही असो, ते एकच असायला हवं. पालकांनी आपापसात काढलेला ग्रुप ही चांगली सोय आहे, पण तो शाळेचा आवाज नाही. अशा ग्रुपवर गेल्या वर्षीची सुट्टीची सूचना पुन्हा फिरताना मी पाहिली आहे, आणि त्या एका संदेशानं निम्मा वर्ग दुसऱ्या दिवशी घरी राहिला.

सूचना हातात आली की चार गोष्टी शोधायच्या: कोणत्या तारखेची, कोणत्या इयत्तेसाठी, आपण नेमकं काय करायचं, आणि कधीपर्यंत. यातली एकही सापडली नाही तर विचारा. मी स्वतः एकदा लिहिलं होतं, ‘लक्षणे असलेल्या विद्यार्थ्यांस शाळेत पाठवू नये.’ मला ते स्पष्ट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी जुन्या ॲलर्जीनं शिंकणारी दोन मुलं घरी थांबली, आणि रात्रभर उलट्या झालेला एक मुलगा शाळेत आला, कारण त्याच्या घरी लक्षणं म्हणजे फक्त ताप आणि खोकला असं समजलं गेलं होतं. चूक लिहिण्यात होती. त्यानंतर मी प्रत्येक सूचनेत लक्षणांची नावं लिहू लागले आणि वाचायला अडचण असलेल्या घरांना तोच निरोप आवाजात पाठवू लागले. तुमच्या शाळेत असं होत नसेल तर मागणी करा. आजी-आजोबा मुलाला सांभाळत असतील तर आवाजातला निरोप फार उपयोगी पडतो.

शाळा आणि घर यांच्यात असा दुवा उभा करण्याचा प्रयत्न नवा नाही. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत पोलिओची साथ आली आणि शाळा उघडायच्या वेळीच बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांसाठी रेडिओवरून पाठ सुरू झाले, आणि कोणत्या इयत्तेचा पाठ किती वाजता हे वर्तमानपत्रांतून छापून येई. मला त्यातली सगळ्यांत मोलाची वाटते ती पालकांसाठी उघडलेली फोनसेवा. पहिल्याच दिवशी हजाराहून जास्त फोन आले आणि उत्तरं द्यायला बसलेल्या शिक्षकांची संख्या वाढवावी लागली. पालकांना प्रश्न असतातच. ते विचारायला जागा हवी.

पायरी ३: सकाळी निघण्याआधी पाच मिनिटं

मुलाला उठवल्यावर लगेच बघा, दप्तर भरून झाल्यावर नको. दारात उभं असताना घेतलेला निर्णय नेहमी ‘जाऊ दे, बघू’ असाच होतो. मुलाचा चेहरा रोजच्यासारखा आहे का, रात्री झोप लागली का, घसा दुखतो का, पोट दुखतं का, खोकला नवा आहे की जुनाच, अंगावर पुरळ आहे का. कपाळाला हात लावून ताप ठरवू नका, थर्मामीटर वापरा. साधारणपणे ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर ताप धरतात. खेळून किंवा खूप पांघरुणातून उठलेल्या मुलाचा आकडा थोडा वर दिसू शकतो, म्हणून दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा.

ताप, उलटी, जुलाब, नवा खोकला, श्वास घ्यायला त्रास किंवा नेहमीपेक्षा फार मलूल मूल, यातलं काहीही असलं तर त्या दिवशी शाळा नाही. इथं एक गोष्ट मला अगदी कळकळीनं सांगायची आहे. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवून मुलाला शाळेत पाठवू नका. औषधानं ताप दबतो, संसर्ग तसाच राहतो, आणि तीन-चार तासांनी औषधाचा असर ओसरला की मूल वर्गात तापानं फणफणतं. तोवर ते कितीतरी मुलांच्या शेजारी बसलेलं असतं. तापाचं औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आलेला नसला आणि बाकीचा त्रासही कमी होत असला, तर परत पाठवण्याचा विचार करायचा, हा नियम बऱ्याच ठिकाणी वापरतात. ज्या साथीत विलगीकरणाचे दिवस ठरवून दिलेले असतील, तिथं ते दिवस आधी.

मला ठाऊक आहे, हे लिहायला सोपं आहे. ज्या घरात सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार जातो, तिथं सकाळी सात वाजता मूल गरम लागणं म्हणजे संकटच. म्हणूनच पहिल्या पायरीतला तिसरा माणूस महत्त्वाचा आहे. मूल आजारी पडलं तर पहिला दिवस कोण थांबणार, दुसरा कोण, हे मूल बरं असतानाच घरात ठरवून ठेवा.

तापाच्या औषधाबद्दल आणखी एक. ॲस्पिरिन लहान मुलांना आपल्या मनानं कधीच देऊ नका. विषाणूजन्य आजारात ॲस्पिरिन दिल्यानं मुलांना क्वचित पण फार गंभीर असा राय सिंड्रोम होऊ शकतो, त्यात मेंदू आणि यकृतावर परिणाम होतो. कोणतं औषध किती द्यायचं हे मुलाच्या वजनावर ठरतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून ते कागदावर लिहून औषधाच्या डब्यालाच चिकटवा.

आणि पुढच्या खुणा दिसल्या तर शाळेला कळवत बसू नका, थेट दवाखाना गाठा: श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जाणं, ओठ किंवा जीभ निळसर दिसणं, पाणीही पोटात न ठरणं, झटके येणं, हाक मारूनही नीट जागं न होणं, बराच वेळ लघवी न होणं. शाळेला नंतर सांगता येईल.

पायरी ४: आजार लपवू नका, आणि शाळेकडून गुप्ततेचा शब्द घ्या

मूल आजारी असलं की त्याच सकाळी कळवा. ‘घरी काम आहे’, ‘गावाला गेलोय’ असं सांगू नका. निरोपात चार गोष्टी पुरतात: मुलाचं नाव आणि वर्ग, त्रास कधी सुरू झाला, शाळेत शेवटचं कधी आलं होतं, आणि तपासणी केली असेल तर निष्कर्ष काय. ‘शेवटचं कधी आलं होतं’ हे शाळेला सगळ्यांत जास्त हवं असतं, कारण शेजारी कोण बसलं होतं हे त्यावरून काढता येतं.

लोक लपवतात ते भीतीपोटी. आपल्यामुळे वर्ग बंद पडला असं म्हणतील, मुलाला कुणी जवळ घेणार नाही, इमारतीतले लोक बोलतील. ही भीती खोटी नाही, मी हे घडताना पाहिलं आहे. एका मुलाचं नाव पालकांच्या ग्रुपवर पोचलं आणि पुढं महिनाभर त्याच्या बाकावर कुणी बसेना. म्हणून शाळेला तुम्ही स्पष्ट विचारा: ‘आमच्या मुलाचं नाव कुणाकुणाला कळेल?’ योग्य उत्तर असं, की मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि गरज पडली तर आरोग्य विभाग. बाकीच्या पालकांना फक्त एवढंच कळायला हवं की वर्गातल्या एकाला लागण झाली आहे आणि तुमच्या मुलासाठी पुढच्या सूचना या आहेत. नाव, इमारत, रोल नंबर, काहीही नको. आणि आपण दुसऱ्या बाजूला असलो, तर ‘कोण आहे?’ हा प्रश्न ग्रुपवर टाकायचा नाही.

दोन शब्द इथं वारंवार येतील. ज्याला आजार झालाय त्याला इतरांपासून दूर ठेवणं म्हणजे विलगीकरण. जो आजारी माणसाच्या संपर्कात आला, पण अजून आजारी पडलेला नाही, त्याला थोडे दिवस दूर ठेवणं म्हणजे अलगीकरण, बोलताना आपण ज्याला क्वारंटाइन म्हणतो ते. दोन्हींचे दिवस वेगळे मोजतात. विलगीकरण साधारणपणे लक्षणं सुरू झाल्या दिवसापासून मोजतात, अलगीकरण शेवटचा संपर्क आला त्या दिवसापासून. घरातच कुणी आजारी असेल आणि वेगळं राहणं शक्य नसेल, तर रोजच नवा संपर्क होतो आणि मोजणी लांबते. हा हिशेब डोक्यात ठेवू नका, दिनदर्शिकेवर खूण करा.

कोविडमध्ये सुरुवातीला क्वारंटाइन १४ दिवसांचं होतं, कारण संपर्कानंतर लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात असं दिसलं होतं. पुढं आजाराची माहिती वाढली, लसी आल्या, विषाणूचे प्रकार बदलले, तसे अनेक देशांनी दिवस कमी केले. त्या वेळी पालक चिडायचे, ‘गेल्या महिन्यात एक सांगितलं, आता दुसरंच.’ त्यांचा वैताग मला समजतो. पण नवी माहिती आली की नियम बदलायलाच हवा. तुम्ही फक्त सूचनेवरची तारीख बघा आणि सगळ्यांत नवी ती पाळा.

पायरी ५: हवा, मास्क, हात

या तिघांत हवेकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. श्वासातून पसरणाऱ्या आजारात बंद खोलीत साचलेली हवा धोक्याची असते. शाळा पाहायला गेलात तर वर्गाच्या खिडक्या बघा. समोरासमोरच्या भिंतींत उघडतात का? गंजून बसल्या आहेत का? पंखा फक्त तीच हवा फिरवतोय की ती बाहेर जायला वाट आहे? काही शाळा कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र ठेवतात. बाहेरच्या हवेत तो दशलक्षात चारशेच्या थोडा वर असतो. वर्गात आकडा आठशेच्या आत राहिला तर हवा चांगली खेळते असं समजतात, फार वर गेला तर आपण एकमेकांनी सोडलेला श्वास घेत असतो. शाळेला हे विचारायला लाजू नका. जंतुनाशकाच्या फवाऱ्यापेक्षा एक उघडणारी खिडकी जास्त कामाची.

१९१८ च्या फ्लूच्या महासाथीत बहुतेक अमेरिकी शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्क आणि शिकागो यांनी त्या उघड्या ठेवल्या. त्यांचं म्हणणं असं, की दाटीवाटीच्या घरांपेक्षा मोकळ्या, हवेशीर इमारतीत, डॉक्टर आणि परिचारिकांच्या नजरेखाली मुलं जास्त सुरक्षित राहतील. २०२० मध्ये डेन्मार्कनं १५ एप्रिललाच लहान मुलांच्या शाळा उघडल्या, तेव्हाही छोटे गट केले आणि जमेल तेवढं बाहेर, उघड्यावर शिकवलं. शाळा उघडी की बंद यावर वाद घालताना ती कशी उघडी आहे हे विचारायचं आपण विसरतो.

मास्कबद्दल ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून सांगितलं होतं ते असं: पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांवर सक्ती नको, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांबाबत साथीचा जोर, मुलाला मास्क नीट हाताळता येतो का, मोठं माणूस लक्ष ठेवायला आहे का हे बघून ठरवावं, बारा वर्षांपासून मोठ्यांसारखेच नियम. पहिली-दुसरीतली मुलं बरोबर मधल्या गटात येतात. त्यांना मास्क शाळेच्या पहिल्या दिवशी पहिल्यांदा घालायला लावू नका. आठवडाभर आधी घरी खेळताना दहा मिनिटं, मग अर्धा तास, असं वाढवा. नाक झाकलं पाहिजे, ओला झाला की बदलायचा, मित्राचा घ्यायचा नाही. दप्तरात एक जादा मास्क आणि वापरलेला ठेवायला वेगळी पिशवी द्या, दोन्हींवर नाव लिहा. ज्या मुलाला ऐकायला, बोलायला, श्वास घ्यायला अडचण आहे किंवा काही विशेष गरज आहे, त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था मागा. ती मागणं तुमचा हक्क आहे.

हात साबणानं वीस सेकंद. सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचं, आणि लहान मुलाच्या दप्तरात नको, ती ते चाखतात किंवा डोळ्यांत जातं. मोठ्यांच्या हातात राहू द्या.

पायरी ६: शाळा बंद झाली तर

आधी संपर्क, मग अभ्यास. बंदच्या पहिल्या दोन दिवसांत वर्गशिक्षिकेशी एकदा प्रत्यक्ष बोला. पुस्तकं, वह्या, काम कसं मिळणार, पूर्ण केलेलं कुठं दाखवायचं, आणि शाळेत मिळणारं जेवण किंवा दुसरी मदत बंद काळात कशी चालू राहणार, हे विचारून घ्या. बोलणं झालं की आठवड्यातून एकदा मूल शिक्षिकेशी दोन मिनिटं बोलेल अशी वेळ ठरवा. अभ्यास विचारायला नाही, नुसतं बोलायला. मुलाला आपण कुणाच्या तरी वर्गात आहोत हे वाटत राहतं, ते त्या दोन मिनिटांमुळे.

इंटरनेट नसेल तर शाळा संपली असं समजू नका. सिएरा लिओनमध्ये २०१४ मध्ये इबोलामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा रेडिओवरून पाठ दिले गेले, आणि २०२० मध्ये तोच अनुभव पुन्हा कामाला आला. तुमच्या घरात साधा फोन असेल तर शिक्षिकेला दिवसाला एक गोष्ट आवाजात पाठवायला सांगा, किंवा आठवड्याचं काम एकदाच कागदावर मागून घ्या.

सहा-सात वर्षांचं मूल घरी सलग पंधरा-वीस मिनिटंच मन लावून बसतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. शाळेचे पाच तास घरी भरून काढायचा हट्ट धरलात, तर आठवड्याभरात घरात रडारड सुरू होईल. या वयात तीन गोष्टी रोज झाल्या तर मी समाधानी असते: मोठ्यानं वाचणं, थोडं लिहिणं, थोडी मोजामोज. वाचण्यात मुलानं वाचायचं आणि तुम्हीही वाचून दाखवायचं. तुम्हाला वाचता येत नसेल तर गोष्ट सांगा, मुलाला ती परत सांगायला लावा. त्यातून शब्द वाढतात, क्रम कळतो, पुढचं वाचन त्यावरच उभं राहतं. मोजामोज भांडी लावताना होते, जिने चढताना होते, कपड्यांच्या जोड्या लावताना होते.

ऑनलाइन तासाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसा. माइक बंद-चालू करणं, हात वर करणं, फोन उभा ठेवणं एवढं शिकवा आणि मग हळूहळू बाजूला व्हा. उत्तरं पुटपुटू नका. मला ती ऐकू येतात, आणि मूल माझ्याकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतं. मुलाला आलं नाही तर ते मला कळू द्या, त्यासाठीच तर मी तिथं आहे. कॅमेरा चालू ठेवायला घर कसं दिसतं याची लाज वाटत असेल तर भिंतीकडे पाठ करून बसवा, किंवा कॅमेरा बंद ठेवायची परवानगी मागा.

पडद्यापासून डोळ्यांना विश्रांती हवी: दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडचं काहीतरी बघायचं. खिडकीतून दिसणारं झाड चालेल. रोज तासभर अंग हलेल असा खेळ, आणि या वयाला नऊ ते बारा तास झोप. शाळा बंद असली की झोपेची वेळ सगळ्यांत आधी ढळते, आणि ती ढळली की सकाळच्या तासाला बसणं जमत नाही. म्हणून वेळापत्रकात एकच गोष्ट घट्ट धरायची असेल तर उठण्याची वेळ धरा.

पायरी ७: मूल विचारेल तेव्हा

१६ मार्च २०२० रोजी नॉर्वेच्या पंतप्रधान अर्ना सोल्बर्ग यांनी फक्त मुलांसाठी पत्रकार परिषद घेतली. मोठ्यांच्या प्रश्नांना तिथं जागा नव्हती. वाढदिवस करता येईल का, लस यायला किती दिवस लागतात, असे मुलांचे प्रश्न होते. इतकं सगळं एकदम घडत असताना भीती वाटणं ठीक आहे, असं त्यांनी मुलांना सांगितलं. मला ती रीत फार पटली: प्रश्न खरा मानायचा, उत्तर छोटं आणि खरं द्यायचं, आणि माहीत नसेल तर तसं सांगायचं.

‘आजी मरणार का?’ असं मुलानं विचारलं तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. ‘आजी आजारी आहे, डॉक्टर तिची काळजी घेतायत, आणि काय होतं ते मी तुला सांगेन’ एवढं उत्तर या वयाला पुरतं. मग सांगायचं कबूल केलेलं खरंच सांगा. मूल विचारत नाही पण पुन्हा गादी ओली करायला लागलंय, चिकटून राहतंय, पोट दुखतंय म्हणतंय, तर तेही विचारणंच आहे. असं दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टरांशी आणि वर्गशिक्षिकेशी बोला. बातम्या मुलासमोर दिवसभर चालू ठेवू नका.

पायरी ८: शाळा पुन्हा उघडते तेव्हा

युगांडात मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडायला जानेवारी २०२२ उजाडला. इतका मोठा खंड सगळीकडे पडत नाही, पण लहान मुलाला तीन महिनेही फार असतात. परतण्याआधी आठवडाभर उठण्याची वेळ शाळेची करा. शाळेच्या रस्त्यानं एकदा चालून या. बूट घालून बघा, ते लहान झालेले असतात.

लसीकरणाचं कार्ड काढून बघा. साथीच्या गडबडीत नेहमीच्या लसी राहून जातात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या माहितीनुसार एकट्या २०२१ मध्ये जगातल्या अडीच कोटी बाळांच्या घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याच्या लसीचा किमान एक डोस चुकला. तुमच्या मुलाच्या वयाला कोणती लस द्यायची हे आरोग्य केंद्रात विचारा. राहिलेली लस बहुतेक वेळा पुढं देता येते.

अक्षरं विसरली असतील तर घाबरू नका, आणि मुलाला दुसऱ्यांशी ताडून बघू नका. मी पहिले दोन आठवडे सगळ्यांनाच मागच्या वर्षीचं पुन्हा शिकवते. मला खरी मदत होते ती एका चिठ्ठीची. पहिल्या दिवशी वर्गशिक्षिकेला अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या, नाहीतर फोनवर सांगा. मुलानं घरी काय वाचलं, कशाला कंटाळलं. कोणत्या गोष्टीची भीती बसली आहे. आणि घरात या काळात काय घडलं, काम गेलं का, घर बदललं का, कुणी आजारी होतं का, कुणी गेलं का.

शेवटचं लिहिणं जड जातं, पण ते कृपया लिहा. मला एका मुलीच्या घरून अशी चिठ्ठी आली होती, तीन ओळींची. त्या आठवड्यात मला मुलांकडून ‘माझे बाबा’ यावर पाच वाक्यं लिहून घ्यायची होती. मी फळ्यावर ‘माझं आवडतं झाड’ असं लिहिलं, आणि मधल्या सुट्टीत तिला माझ्याशेजारी डबा खायला बसवलं.